सी आणि सी++ यांची सुसंगतता

सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम सी++ च्या कंपायलरला (प्रोग्रामचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रणालीला) कितपत चालतो आणि चाललाच तर त्याचा अर्थ तोच राहतो का, हा या नोंदीचा विषय. ‘सी अधिक क्लास म्हणजे सी++’ हे पाठ्यपुस्तकी समीकरण ढोबळमानाने ठीक असले, तरी काटेकोरपणे पाहता सी हा सी++ चा उपसंच नाही.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी घडवली. तेथेच ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये ‘क्लासयुक्त सी’वर काम सुरू केले, सी++ हे नाव १९८३ चे. यावरून सी ही आई आणि सी++ ही लेक, अशी मांडणी रूढ झाली. स्ट्रॉस्ट्रुप स्वतः मात्र आजच्या दोन्ही भाषांना जुन्या सीपासून निघालेल्या बहिणी मानतात आणि देवघेव पाहता हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. फंक्शनच्या घोषणेत प्राचलांचे (फंक्शनला द्यायच्या किमतींचे) प्रकार लिहिण्याची पद्धत सी++ कडून १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये आली. किंमत बदलू न देणारा ‘कॉन्स्ट’ हा शब्दही बहुधा त्याच वाटेने आला, स्ट्रॉस्ट्रुप यांनी आधी सुचवलेला शब्द ‘रीडओन्ली’ होता. दोन तिरप्या रेघांची टीप (कंपायलर सोडून देतो तो मजकूर) त्याहून जुनी. ती मुळात मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेतली. सीने ती घेतली नव्हती, सी++ ने परत आणली आणि १९९९ च्या प्रमाणकाने ती सीमध्येही आली. तिच्यामुळे एक विचित्र ओळ संभवते :

क = १० //* टीप */ २
;

१९८९ च्या सीमध्ये पहिली रेघ भागाकाराची आणि ‘/*’ ते ‘*/’ हा भाग टीप ठरून उत्तर ५ येते. सी++ मध्ये रेघांपुढचे सारे टीप ठरून १०. प्रत्यक्षात असे कोणी लिहीत नाही, पण दोन्ही कंपायलर मुकाट्याने वेगळे उत्तर देतात ते असे.

एका अवतरणातले अक्षर सीमध्ये ‘इंट’ (पूर्णांक) प्रकारचे असते, सी++ मध्ये ‘कॅर’ (अक्षर). महाराष्ट्रातील महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरलेल्या टर्बो सी++ मध्ये अशा अक्षराचा आकार विचारला, तर सीच्या फाइलीत २ बाइट आणि सी++ च्या फाइलीत १ बाइट असे उत्तर मिळते. तेथे नवी फाइल आपोआप सी++ चीच उघडत असल्याने सीचा तास पुष्कळदा सी++ च्या नियमांवर पार पडे. स्मृतीत जागा मागणाऱ्या ‘मॅलॉक’ फंक्शनपुढे कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) लिहिण्याची सवय काही अंशी यातून आली असावी : ‘मॅलॉक’कडून मिळणारा ‘व्हॉइड’ पॉइंटर (प्रकार न ठरलेला स्मृतीतला पत्ता) सीमध्ये कोणत्याही पॉइंटरला थेट देता येतो, सी++ त्याला हरकत घेते.

फाइलीच्या पातळीवरचा ‘कॉन्स्ट’ चल सीमध्ये इतर फाइलींना दिसतो, सी++ मध्ये त्या फाइलीपुरताच राहतो. म्हणून हेडरमध्ये (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलीत) लिहिलेला असा स्थिरांक सी++ मध्ये निर्वेध चालतो. सीमध्ये लिंक करताना दुहेरी व्याख्येची तक्रार येते. रिकाम्या कंसाचा अर्थ जुन्या सीमध्ये ‘प्राचले सांगितलेली नाहीत’, तर सी++ मध्ये ‘प्राचले नाहीत’ असा होता. सी२३ या सीच्या नव्या प्रमाणकाने सी++ चा अर्थ स्वीकारला.

उलट दिशेची देवघेव तुटपुंजी आहे. बदलत्या लांबीचे अ‍ॅरे सीने १९९९ मध्ये घेतले, २०११ मध्ये ऐच्छिक केले. सी++ च्या प्रमाणकात ते आलेच नाहीत. स्ट्रक्चरच्या घटकाचे नाव लिहून किंमत भरण्याची सीमधली सोय सी++ ने २०२० मध्ये दिली, तीही घोषणेचा क्रम पाळण्याच्या अटीवर.