कंपनी एनसीएलटीत जाणं आणि माणूस नादार होणं : अर्ज कुठे करायचा, रेकॉर्ड कुठे शोधायचं

दोन प्रश्न सारखे वाचायला मिळतात. एक, "कार्ड आणि पर्सनल लोन मिळून डोक्यावर बरंच कर्ज झालंय, एनसीएलटीत दिवाळखोरीचा अर्ज टाकता येईल का?" आणि दुसरा, "ज्याला उसने पैसे दिले तो म्हणतो मी दिवाळखोर झालोय, मी आयबीबीआयच्या साइटवर नाव टाकून बघितलं, काहीच येत नाही, म्हणजे खोटं बोलतोय ना?" (एनसीएलटी म्हणजे कंपन्यांची प्रकरणं चालवणारं न्यायाधिकरण, आणि आयबीबीआय म्हणजे दिवाळखोरीच्या कामावर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ.) दोन्हीकडे घोळ एकच आहे. आपल्याकडे कंपनीची दिवाळखोरी आणि माणसाची नादारी ह्या दोन पूर्ण वेगळ्या वाटा आहेत, कायदा वेगळा, कोर्ट वेगळं, रेकॉर्ड ठेवायची जागा पण वेगळी.

पेपरात जे सारखं येतं ते कंपनीचं. 2016 चा दिवाळखोरी कायदा, सगळे आयबीसी म्हणतात तो. प्रायव्हेट लिमिटेड, पब्लिक लिमिटेड, एलएलपी ह्यांनी पैसे थकवले की प्रकरण एनसीएलटीत जातं, आणि त्यासाठी थकबाकी कमीत कमी 1 कोटी लागते (आधी 1 लाख होती, मार्च 2020 मध्ये वाढवली). अर्ज बँक करू शकते, माल पुरवणारा करू शकतो, कंपनी स्वतःही करू शकते.

आता गंमत अशी की ह्याच आयबीसीत साध्या माणसांसाठी पण एक आख्खा भाग लिहिलेला आहे, त्यामुळे नेटवर वाचणाऱ्याला वाटतं की झालं, आपलंही काम इथेच होणार. पण तो भाग सरकारने सगळ्यांसाठी लागूच केलेला नाही, 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता सुरू केला. बाकी पगारदार माणूस, स्वतःच्या नावावर दुकान चालवणारा, भागीदारी फर्म, ह्यांच्यासाठी अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे चालतात. मुंबई शहरात 1909 चा, तिथे हायकोर्टात जायचं. बाकी महाराष्ट्रात 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, आणि त्याचा अर्ज आपल्याच जिल्ह्याच्या कोर्टात, म्हणजे जिल्हा न्यायालयात किंवा ज्या खालच्या दिवाणी कोर्टाला तो अधिकार दिलाय तिथे. आपण राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण ज्या कोर्टाच्या हद्दीत येतं ते कोर्ट.

1920 च्या कायद्यातली रक्कम वाचून लोक चमकतात. कर्ज 500 रुपये असलं तरी अर्ज करता येतो, आकडा तेव्हापासून तोच आहे. पण नुसतं कर्ज असून भागत नाही, ते फेडण्याची ऐपत नाही हे दाखवावं लागतं. अर्जात काय लिहायचं हे कायद्यातच दिलंय : मी कर्ज फेडू शकत नाही, राहतो कुठे, कोणाचं किती देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव पत्ता रक्कम, माझी सगळी मालमत्ता काय आणि तिची किंमत काय, ती सगळी कोर्टाच्या ताब्यात द्यायला मी तयार आहे, आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता का. हे ऐकायला सोपं वाटतं पण इथेच लोक अडकतात, कारण मेव्हण्याकडून घेतलेले दोन लाख लिहायचे राहतात, गावच्या सातबाऱ्यावरचा वाटा लिहायचा राहतो, किंवा मुद्दामच लिहीत नाहीत, आणि मालमत्ता लपवली हे निघालं तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. अर्जाच्या आधीच्या 2 वर्षांत बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर फुकट करून दिलेला प्लॉट पण कोर्ट परत ओढू शकतं. त्यामुळे "आधी सगळं नावावरून काढ मग नादारी टाक" असा सल्ला जो कोणी देतो त्याच्यापासून लांब राहा, कळकळीने सांगतोय.

वाचतं काय मग? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जे जप्त होत नाही ते इथेही घेता येत नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, आणि बाईच्या अंगावरचा जो दागिना धर्माच्या रिवाजाने उतरवता येत नाही तो, म्हणजे मंगळसूत्र. बाकीची मालमत्ता नादार जाहीर झाल्याच्या हुकुमाबरोबर कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (ती सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) जाते.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो वसुली थांबण्याचा. कंपनीच्या बाबतीत एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की मनाई लागू होते, कंपनीविरुद्धचे दावे, जप्ती, सगळं थांबतं, बँकेला तारण पण विकता येत नाही. लोक हे वाचतात आणि समजतात की मी पण अर्ज टाकला की उद्यापासून फोन बंद. तसं नाही. 1920 च्या कायद्यात नुसता अर्ज टाकून काही आपोआप थांबत नाही, कोर्टाने नादार जाहीर केल्यावर मग कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षण हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं. आणि होम लोन असेल तर नीट ऐका, ज्याच्याकडे घर गहाण आहे त्या बँकेचा हक्क नादारीने जात नाही, ती फ्लॅट विकू शकते, नादार असलात तरी. फोन करून "दिवाळखोरी टाकून सगळं लोन झीरो करून देतो, आधी फी भरा" म्हणणारे एजंट ह्यातलं एक अक्षर सांगत नाहीत, चिडच येते.

शेवटी कोर्ट मुक्तता देतं, म्हणजे जुन्या देण्यांतून सुटका, ती पण आपोआप नाही, हुकुमात दिलेल्या मुदतीत आपण अर्ज करायचा, नाही केला तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो. आणि मुक्तता मिळाली तरी सरकारचं देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी ही राहतातच, आपल्याला जामीन राहिलेला माणूस पण सुटत नाही. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीत डायरेक्टर होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही.

आता रेकॉर्ड. कंपनीचं शोधणं खरंच सोपं आहे. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून मास्टर डेटा बघायचा, त्यात स्टेटस दिसतं, दिवाळखोरीची प्रक्रिया चालू आहे की अवसायनात गेलीय, म्हणजे बंद करून विकायला काढलीय. मग आयबीबीआयच्या साइटवर जाहीर सूचना, तिला फॉर्म ए म्हणतात. हा एकच कागद नीट वाचला तरी बरंच कळतं : प्रक्रिया कोणत्या तारखेला सुरू झाली, रिझोल्यूशन प्रोफेशनल (ही प्रक्रिया चालवायला नेमलेला माणूस) कोण, त्याचा ईमेल, आणि क्लेम, म्हणजे कंपनीकडून आपलं किती येणं आहे त्याचा दावा, द्यायची शेवटची तारीख. शेवटची तारीख आधी बघा, कारण ती नेमणुकीपासून 14 दिवसांचीच असते. बिल्डरकडे फ्लॅट बुक केलेले लोक 2018 पासून ह्यात बँकांसारखेच वित्तीय धनको (कंपनीकडून पैसे येणं असलेले) धरले जातात, त्यांनी क्लेम फॉर्म सीएमध्ये द्यायचा, माल पुरवणाऱ्याने फॉर्म बीमध्ये, कामगाराने फॉर्म डीमध्ये. बँक सगळं बघून घेईल म्हणून गप्प बसू नका, आपला क्लेम आपल्यालाच द्यावा लागतो. कोर्टाचे हुकूम एनसीएलटीच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने मिळतात.

माणसाचं असं एका ठिकाणी कुठेच नाही, म्हणून वरच्या दुसऱ्या प्रश्नातल्या माणसाला आयबीबीआयवर काही सापडलं नाही, आणि त्यावरून उसने घेणारा खोटं बोलतो असं म्हणता येणार नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अॅपवर जा, राज्य, जिल्हा, कोर्टाचं संकुल निवडा, पक्षकाराच्या नावाने शोधा, वर्ष टाका, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही बघा, बरेच जण फक्त प्रलंबित बघून सोडून देतात. नावाचं स्पेलिंग दोन-तीन पद्धतीने टाकून बघा, आडनाव आधी, नंतर, सगळं. नादारीचा हुकूम झाला असेल तर त्याची सूचना शासनाच्या राजपत्रात छापावी लागते, तिथेही शोधा. केस नंबर मिळाला की कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून हुकुमाची नक्कल मागता येते, तुम्ही त्या केसमध्ये पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी ते अर्जात लिहायला लागतं. आणि नुसता अर्ज पडलेला असणं म्हणजे माणूस नादार झाला असं नाही, हुकूम झालाय का तेच बघायचं.

ह्या दोन वाटा एका ठिकाणी मात्र येऊन मिळतात, आणि छोट्या धंदेवाल्यांचं खरं नुकसान तिथे होतं. प्रायव्हेट लिमिटेड काढली, बँकेने लोन देताना डायरेक्टरची वैयक्तिक जामीनकीची सही घेतली, कंपनी बुडाली, एनसीएलटीत कर्ज मिटवायचा प्लॅन मंजूर झाला, आणि मालकाला वाटतं सुटलो. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीचा प्लॅन मंजूर झाला म्हणून जामीनदार आपोआप मोकळा होत नाही. त्याच्यावर बँक त्याच आयबीसीखाली वेगळा अर्ज करू शकते, आणि ह्या एका प्रकारात अर्ज टाकल्याच्या दिवसापासूनच तात्पुरती मनाई लागते. चेक बाउन्सचं पण तसंच, कंपनीविरुद्धची केस मनाईच्या काळात थांबते, सही करणाऱ्या डायरेक्टरविरुद्धची चालूच राहते. त्यामुळे कंपनी अडचणीत असेल तर वकिलाकडे जाताना लोनची फाइल आख्खी न्या, विशेषतः मागची जामीनकीची पानं, कोणी कोणी सह्या केल्यात ते बघायला, वडिलांची किंवा बायकोची सही पण बऱ्याचदा तिथे असते आणि घरात ते कोणाला आठवत नसतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले ह्यांना तिथून मोफत वकील मिळतो.