सुंतेचा वाद : विधी, उपचार आणि संमती

नाशिकमध्ये मुलग्यांची सुंता दोन वेगळ्या कारणांनी होते. जुन्या नाशकातल्या मुस्लिम वस्तीत ते घरचे कार्य असते. मुलाला नवे कपडे घालतात, गळ्यात हार पडतो, नातेवाईक जेवायला येतात. गंगापूर रोडसारख्या भागात हिंदू आईवडील तीन-चार वर्षांच्या मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जातात, कारण लघवीच्या जागेची त्वचा मागे सरत नाही आणि कुणीतरी ‘फायमोसिस’ असे नाव सांगितलेले असते. शस्त्रक्रिया जवळपास एकच असली तरी पहिल्या घरात प्रश्न धर्माचा असतो आणि दुसऱ्या घरात रोगाचा. मुलाच्या संमतीचा तिसरा प्रश्न यांत अगदी अलीकडे येऊन मिळाला. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की वाद भरकटतो, आणि त्याचा इतिहास पाहिला तर ते वारंवार मिसळलेले दिसतात.

सुंतेचा सर्वांत जुना चित्ररूप पुरावा इजिप्तमधील सक्कारा येथे, अंखमाहोर या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या शिल्पपटात आहे. तो इसवी सनापूर्वी सुमारे 2300 वर्षांचा मानला जातो. म्हणजे ही प्रथा आजच्या यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही धर्मांच्या आधीची आहे. यहुदी परंपरेत ती ईश्वर आणि अब्राहम यांच्यातील कराराची खूण ठरली व जन्मानंतर आठव्या दिवशी करण्याचा नियम पडला. ग्रीक राजा अँटायोकस चौथा याने तिच्यावर बंदी घातली, आणि इ.स.पू. 167 च्या सुमारास यहुद्यांनी जे बंड केले त्याच्या कारणांत ही बंदीही होती. ख्रिस्ती धर्माने पहिल्याच शतकात वेगळा निर्णय घेतला. यहुदी नसलेल्या अनुयायांवर सुंतेची सक्ती नको, ही धर्मप्रचारक पॉलची भूमिका मान्य झाली. इजिप्त आणि इथिओपियातील ख्रिस्ती समाजांत मात्र प्रथा टिकून राहिली.

महाराष्ट्राला हा विधी केवळ मुसलमानांचा म्हणून माहीत आहे, पण ते पूर्ण खरे नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल यहुदी, ज्यांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, ते पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आणि तेलाचे घाणे चालवत राहिले. बाहेरच्या यहुदी जगाशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला होता, तरी शनिवारची सुट्टी, खाण्याचे काही नियम आणि मुलग्यांची सुंता त्यांनी सोडली नाही. पोथ्या हाताशी नसताना एखादा समाज स्वतःची ओळख कशाच्या आधारे टिकवतो, याचे इतके जवळचे उदाहरण आपल्याला दुसरे मिळणार नाही.

इस्लाममध्ये कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. तिचा आधार हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, आहे. शाफई पंथ ती अनिवार्य मानतो, तर हनफी पंथात ती सुन्नत, म्हणजे पाळण्याची महत्त्वाची रीत, समजली जाते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, उत्तरेकडून मालेगावात येऊन स्थिरावलेले विणकर बहुतांशी हनफी. व्यवहारात दोन्हीकडे सुंता होतेच. पूर्वी हे काम हज्जाम करीत. बांबूच्या चिमट्यात त्वचा धरायची, वस्तऱ्याने एका झटक्यात कापायची, रक्त थांबवायला जळक्या कापडाची राख लावायची आणि त्या क्षणी मुलाला सांगायचे, “ऊपर देख, सोने की चिडिया!” अनेक वयस्कर माणसांना ती चिडिया अजून आठवते. आता हे काम मोठ्या प्रमाणावर दवाखान्यांत गेले आहे, आणि हा बदल कोणत्याही कायद्याने किंवा बाहेरच्या टीकेने घडलेला नाही; तो आईवडिलांनी स्वतः केला आहे.

मराठी मनात या विधीला आणखी एक छटा आहे, ती सक्तीच्या धर्मांतराच्या आठवणींची. नेताजी पालकर औरंगजेबाच्या कैदेत मुसलमान झाले आणि 1676 मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना पुन्हा हिंदू धर्मात घेतले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. फाळणीच्या आणि त्यानंतरच्या दंगलींत तर कपडे उतरवून माणसाचा धर्म तपासला गेला आणि त्यावर त्याचे जगणे-मरणे ठरले. ज्या समाजाच्या अंगावरची खूण त्याच्या जिवावर उठली आहे, त्या समाजाला ‘ही प्रथा सोडा’ असा सल्ला बाहेरून आला की तो वैद्यकीय सल्ला म्हणून ऐकू येत नाही. हे लक्षात न घेता केलेली चर्चा मला अन्यायाची वाटते.

वैद्यकशास्त्राचा या प्रश्नातला प्रवास फारसा अभिमानास्पद नाही. 1855 मध्ये लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी आपल्या यहुदी रुग्णांत सिफिलिस कमी आढळतो असे मांडले. 1870 मध्ये न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद लुईस सेयर यांनी पाच वर्षांच्या एका मुलाच्या पायांतील लुळेपणा सुंतेने बरा झाल्याचे सांगितले, आणि पुढे अपस्मारापासून हस्तमैथुनापर्यंत अनेक गोष्टींवर हाच उपाय सुचवला जाऊ लागला. यातले बरेचसे दावे गळून पडले, तरी अमेरिकेत नवजात मुलग्यांची सरसकट सुंता रूढ झाली. एक कारण खोटे ठरले की त्याच शस्त्रक्रियेसाठी दुसरे कारण पुढे येत गेले.

या प्रवाहाला पहिला भक्कम छेद ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांनी 1949 मध्ये दिला. जन्माच्या वेळी केवळ 4 टक्के मुलग्यांची त्वचा पूर्ण मागे सरते, कारण ती आतल्या भागाला नैसर्गिकरीत्या चिकटलेलीच असते, आणि तीन वर्षांपर्यंत बहुतेकांची आपोआप मोकळी होते, असे त्यांनी दाखवले. त्या काळी इंग्लंड व वेल्समध्ये पाच वर्षांखालील सुमारे 16 मुले दरवर्षी या शस्त्रक्रियेमुळे दगावत होती. पुढच्या निरीक्षणांनी ही त्वचा मोकळी होण्याचा काळ काही मुलांत किशोरवयापर्यंतही लांबतो असे दाखवले. नाशिकच्या आईवडिलांना आज सांगायला हवे ते हेच : चार वर्षांच्या मुलाची त्वचा मागे जात नाही एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही, आणि आंघोळीच्या वेळी ती जोराने ओढल्याने भेगा पडून खरा आजार तयार होऊ शकतो. वारंवार सूज, पू किंवा लघवीला अडथळा असेल तरच उपचाराचा विचार होतो, आणि त्यातही बऱ्याचदा आधी स्टेरॉइडचे मलम वापरून पाहतात. आपल्याकडे सुश्रुतानेही त्वचा मागे न सरण्याच्या विकाराला ‘निरुद्धप्रकश’ म्हटले आहे. त्यावर तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरण्याचा, म्हणजे हळूहळू ताण देण्याचा उपाय सांगितला आहे.

एचआयव्हीने वादाला पुन्हा वळण दिले. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील तीन चाचण्यांत सुंता केलेल्या प्रौढ पुरुषांना स्त्रियांकडून होणारा संसर्ग 50 ते 60 टक्क्यांनी कमी आढळला, आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील जास्त प्रादुर्भावाच्या देशांसाठी तिची शिफारस केली. त्याआधी 2004 मध्ये पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासातही एचआयव्हीचे प्रमाण असेच कमी दिसले होते, मात्र सिफिलिस आणि गनोरियापासून संरक्षण दिसले नव्हते. हा पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही. पण तो मुख्यतः प्रौढांचा आहे, आणि प्रौढ माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2012 मध्ये फायदे धोक्यांपेक्षा अधिक असल्याचे म्हटले, तरी सर्व नवजात मुलग्यांना सरसकट शिफारस केली नाही.

संमतीचा प्रश्न न्यायालयात ठळकपणे आला तो 2012 मध्ये. जर्मनीतील कोलोन येथे चार वर्षांच्या मुस्लिम मुलाला सुंतेनंतर रक्तस्राव झाला. न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडले, पण धार्मिक कारणाने केलेली मुलाची सुंता ही शारीरिक इजा ठरते असे म्हटले. यहुदी आणि मुस्लिम समाजांतून तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने योग्य वैद्यकीय पद्धतीने केलेल्या सुंतेला कायदेशीर मान्यता दिली. भारतात केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये मुलग्यांच्या सुंतेवर बंदी मागणारी याचिका फेटाळली. दाऊदी बोहरा समाजातील मुलींच्या खतन्याचा, म्हणजे जननेंद्रियाची त्वचा कापण्याच्या रीतीचा, प्रश्न वेगळा आहे. त्यात वैद्यकीय लाभ काहीच नाही, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोठ्या पीठाकडे सोपवला. या दोन्हींना एका मापाने मोजणे मला चुकीचे वाटते.

बंदी येणार नाही आणि प्रथा थांबणार नाही, अशा स्थितीत नाशिक जिल्ह्यात सगळ्यांत निकडीचा प्रश्न सुरक्षिततेचा उरतो. यहुदी धर्मशास्त्राने शतकांपूर्वी नियम केला होता की सुंतेनंतर दोन भाऊ दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये. त्यामागच्या, रक्त नीट न गोठण्याच्या दोषाला आज आपण हिमोफिलिया म्हणतो. म्हणून घरात कुणाला जखमेतून रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, हे आधी विचारायलाच हवे. मूत्रमार्गाचे तोंड टोकाऐवजी खालच्या बाजूला असलेल्या मुलाची सुंता तर करूच नये, कारण पुढे तो दोष दुरुस्त करताना शल्यविशारदाला तीच त्वचा लागते.