स्टेरॉल आणि मॉडेल लिपिड मेम्ब्रेन

पेशीतली प्रोटीनं वगैरे बाजूला ठेवून एकदोन लिपिडं (स्निग्ध रेणू) पाण्यात घेऊन बनवलेलं पटल म्हणजे मॉडेल मेम्ब्रेन, मग तो पाण्यावरचा एकपदरी थर असो की लिपोसोम, म्हणजे लिपिडांची पोकळ सूक्ष्म गोळी. त्यात कोलेस्टेरॉल, बुरशीतलं अर्गोस्टेरॉल किंवा वनस्पतीतलं सिटोस्टेरॉल यांसारखं स्टेरॉल मिसळलं की जाडी, घट्टपणा, गळती, सगळंच बदलतं. विदर्भात याचा कच्चा माल ओळखीचाच आहे, सोयाबीन तेलाच्या डिगमिंगमध्ये (चिकट भाग काढताना) सुटणारं लेसिथिन हे लिपिड शुद्ध करून लिपोसोमला वापरतात आणि त्याच तेलाच्या डिओडरायझर डिस्टिलेटमधून (तेलाचा वास काढताना वाफेबरोबर निघणाऱ्या भागातून) स्टेरॉलही मिळतात.

स्टेरॉलच्या या परिणामाची पहिली नोंद बहुधा १९२५ च्या सुमाराची, लीथ्स यांची. लेसिथिन आणि कोलेस्टेरॉलच्या मिश्र थराला दोघांच्या बेरजेपेक्षा कमी जागा लागते, हाच कंडेन्सिंग इफेक्ट. स्टेरॉलची चार जोडलेली वलयं वाकत नाहीत, त्यामुळे शेजारच्या लिपिडच्या साखळ्या सरळ होऊन जवळ येतात.

शुद्ध डीपीपीसी, म्हणजे संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) साखळ्यांचं एक लिपिड, सुमारे ४१ अंश सेल्सिअसला घट्ट जेलमधून द्रव होतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, बिनएसीच्या खोलीतला नमुना या तापमानाच्या बराच जवळ पोचतो, तेव्हा इथल्या लॅबमध्ये नोंदवहीत नुसतं रूम टेंपरेचर लिहून भागत नाही. कोलेस्टेरॉल वाढवत नेलं तर डीएससीवरचं, म्हणजे तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्रावरचं, या बदलाचं शिखर पसरट होत जातं आणि ५० मोल टक्क्यांच्या (एकूण रेणूंपैकी निम्म्यांच्या) आसपास जवळपास दिसेनासं होतं (लॅडब्रुक, विल्यम्स, चॅपमन, १९६८). तिथे साखळ्या सरळ पण रेणू आडवे सरकायला मोकळे, अशी अवस्था असते, तिला लिक्विड-ऑर्डर्ड हे नाव १९८७ च्या सुमारास इप्सेन, मौरिट्सेन आदींनी दिलं. म्हणजे कोलेस्टेरॉल जेलला सैल करतं आणि द्रवाला घट्ट करतं, सरसकट कडक करतं असं नाही.

खरा वाद आहे तो पटलाच्या वाकण्याच्या कडकपणावर कोलेस्टेरॉलचा काय परिणाम होतो यावर. संपृक्त साखळ्यांच्या लिपिडांमध्ये तो बराच वाढतो, हे सर्वमान्य आहे. पण डीओपीसी या लिपिडाच्या दोन्ही साखळ्यांत दुहेरी बंध, तिथे नेगल यांच्या गटाला २००८-०९ मध्ये एक्स-रे स्कॅटरिंगने वाढ जवळपास दिसलीच नाही, तर २०२० मध्ये न्यूट्रॉन स्पिन-एको या पद्धतीने कडकपणा सुमारे तिप्पट झाल्याचं आलं. पटल जाड होतं, साखळ्या सरळ होतात यावर दोघांचं जमतं. स्पिन-एको नॅनोसेकंदातल्या हालचाली पाहतं आणि त्यात आतल्या घर्षणाचाही वाटा येऊ शकतो, त्यामुळे मोठ्या अंतरावरच्या बाकासाठी एक्स-रे आणि पिपेटचे (पटल बारीक नळीत ओढून मोजलेले) आकडेच जास्त भरवशाचे वाटतात.

हे सगळं का होतं याचं मॅकॉनेल यांचं उत्तर स्टेरॉल आणि लिपिडचे ठरावीक प्रमाणातले कॉम्प्लेक्स (जोडसमूह), तर हुआंग आणि फायगेन्सन यांचं अंब्रेला मॉडेल म्हणतं की स्टेरॉलचं डोकं लहान, म्हणून शेजारच्या लिपिडची डोकी त्याला पाण्यापासून झाकतात. फॉस्फॅटिडिलकोलीनमध्ये (लेसिथिनमधलं मुख्य लिपिड) कोलेस्टेरॉल साधारण ६६ मोल टक्क्यांपर्यंतच मावतं, पुढे स्फटिक सुटतात, हे दुसऱ्यात जास्त सहज बसतं.

जादा मिथाइल गट असलेलं आणि पेशीत कोलेस्टेरॉलच्या आधी बनणारं लॅनोस्टेरॉल साखळ्यांना कमी सरळ करतं. त्यावरूनच ब्लॉख यांनी उत्क्रांतीत कोलेस्टेरॉल नंतर का आलं याची मांडणी केली.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत नागपुरात लिपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधासाठी नातेवाईक वणवण फिरले, त्या लिपोसोममध्ये हायड्रोजनेटेड सोया लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल असतं. औषध बुरशीचं अर्गोस्टेरॉल जास्त घट्ट पकडतं. पूर्वी ते पटलात भोकं पाडतं एवढंच सांगत, २०१४ पासून ते अर्गोस्टेरॉल पटलातून ओढून काढतं हे मत बळावलंय.