ध्वनिमुद्रण स्टुडिओची आवराआवर (ठाणे व नवी मुंबई)

जुना ध्वनिमुद्रण स्टुडिओ कायमचा बंद होताना तिथल्या टेप, नोंदी, यंत्रे आणि खुद्द खोली यांची जी व्यवस्था लावावी लागते, तिला या नोंदीत आवराआवर म्हटले आहे. या कामात सगळा खेळ क्रमाचा आहे. टेप वाजवणारे यंत्र सर्वांत शेवटी बाहेर पडायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तेच आधी जाते, कारण चालू टेप मशीनला आणि चांगल्या मायक्रोफोनला गिऱ्हाईक लगेच मिळते. मशीन गेले की कपाटातल्या टेप मुक्या होतात.

ताडदेवच्या फेमस आणि फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत पूर्ण वाद्यवृंद एका वेळी बसत असे. सिंथेसायझर, सीक्वेन्सर आणि मग संगणक आल्यावर वादक एकेकटे येऊन आपापला ट्रॅक वाजवू लागले. मोठ्या दालनाची गरज उरली नाही. गायकाची केबिन आणि कंट्रोल रूम एवढ्यावर भागू लागले. एवढी जागा ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथल्या गाळ्यांत किंवा तळमजल्यावरच्या सदनिकांत परवडत होती. अशा खोल्यांतून आगरी-कोळी गीते, हळदीची गाणी, भजने, जाहिराती आणि नाटकांचे पार्श्वसंगीत मुद्रित झाले. यातले बरेचसे कॅसेटवर विकले गेले आणि पुढे कधी सीडीवर आलेच नाही. त्यामुळे मूळ मास्टर गेला तर उरते ती कुणाच्या तरी घरातली झिजलेली कॅसेट.

बंद पडण्याची कारणे

कमाई आटणे हे उघड कारण. दुसरे कारण इमारतीचे. महापालिका धोकादायक इमारतींचे सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे वर्ग करते. सी-१ म्हणजे इमारत तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. नोटीस हातात पडल्यावर आवराआवरीला महिने नव्हे, आठवडे मिळतात. पुनर्विकासात स्टुडिओच्या मालकाला नवा गाळा मिळेलही, पण आवाज अडवणारी तरंगती जमीन आणि दुहेरी भिंती मिळत नाहीत.

तिसरे कारण आवाजाचे आहे. हवेतून येणारा हॉर्नचा आवाज जड दार आणि दुहेरी काच अडवते. पायलिंगचा धक्का, मेट्रोचे काम, रुळांवरून जाणारी मालगाडी हे मात्र जमिनीतून आणि खांबांतून येते. त्यावर उपाय म्हणून खोलीच्या आत दुसरी खोली बांधतात आणि तिची जमीन रबरी ठोकळ्यांवर तरंगती ठेवतात. ही रचना नाजूक असते. आतल्या भिंतीतून बाहेरच्या भिंतीत घुसलेला एखादा लांब स्क्रू किंवा नवी फरशी घालताना कडेला सांडलेले सिमेंट दोन्ही भिंती जोडून टाकते आणि घुमणारा खालचा आवाज थेट आत येतो. कुठे जोड झाला आहे ते भिंत फोडल्याशिवाय सापडत नाही. इतका खर्च करण्यापेक्षा मालक बंद करणे पसंत करतो.

आधी यादी

कपाटाला हात लावण्यापूर्वी ते जसे आहे तसे, प्रत्येक फळीचे फोटो काढतात. टेप कोणत्या क्रमाने ठेवल्या होत्या यावरून बिननावाच्या टेपचा पत्ता लागू शकतो. मग प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यायचा. खोक्याची पुढची, मागची आणि आतली बाजू, ट्रॅक शीट (कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते लिहिलेला कागद), आत घडी घालून ठेवलेली चिठ्ठी, सगळ्याचे फोटो. खोके आणि स्पूल (टेप गुंडाळलेली चकती) यांचा संबंध गृहीत धरू नये. घाईच्या दिवसांत स्पूल भलत्याच खोक्यात जातात, म्हणून खोक्याचा क्रमांक स्पूलवरही चिकटवतात.

खोक्यावर पेन्सिलीने “१५, नॅब, टेल आउट, काळी चार” एवढेच लिहिलेले असले तरी ती चांगली नोंद आहे. १५ म्हणजे सेकंदाला १५ इंच वेग. नॅब म्हणजे मुद्रणाच्या वेळचे समकरण, म्हणजे उंच आणि खालच्या आवाजांचा तोल ठरवणारी पद्धत. आयईसी ही दुसरी पद्धत लावून वाजवले तर आवाजाचा तोल बिघडतो. टेल आउट म्हणजे टेपचा शेवट बाहेर आहे, वाजवण्याआधी उलट गुंडाळायची. टेप अशी ठेवतात कारण शेजारच्या थरातला आवाज चुंबकीय छाप म्हणून उमटतो. टेल आउट ठेवल्यास तो मूळ आवाजानंतर येतो आणि त्याखाली दबून जातो. नाहीतर गायकाने तोंड उघडण्याआधीच त्याच ओळीची पुसट चाहूल ऐकू येते. काळी चार हा गायकाचा सूर, आणि यादी करणारे नेमके तेच उतरवून घ्यायला विसरतात. यंत्राचा वेग थोडा चुकला तर तो या नोंदीवरूनच पकडता येतो. हार्मोनियमच्या पेट्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराला तंतोतंत लावलेल्या नसतात, त्यामुळे किरकोळ फरक सोडून द्यावा. पाव स्वरापेक्षा जास्त फरक दिसला तर यंत्र तपासावे.

टेप वाजवण्याआधी

ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत टेपचे आजार लवकर वाढतात. जतनासाठी १८–२० अंश सेल्सिअस तापमान आणि ३०–४० टक्के आर्द्रता बरी समजतात. पावसाळ्यात बंद खोलीत आर्द्रता याच्या दुपटीवर सहज जाते. वातानुकूलन यंत्र फक्त रेकॉर्डिंगपुरते चालणाऱ्या स्टुडिओत टेप रोज थंड-गरम होते, ते आणखी वाईट.

खोके उघडताच शिरक्यासारखा वास आला तर ती ॲसिटेटची (पट्टी ॲसिटेट प्लास्टिकची असलेली) टेप विघटित होत आहे. ती लगेच बाजूला काढतात. गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. अशी टेप यंत्रावर चढवली तर बुरशी सगळ्या यंत्रात पसरते. आधी मास्क लावून, कोरड्या मऊ कापडाने कडा साफ करायची. तिसरा आणि सर्वांत जास्त आढळणारा आजार चिकटपणाचा. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या, मागची बाजू काळी व खरखरीत असलेल्या अनेक टेपमधला, चुंबकीय कण पट्टीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेन बंधक हवेतले पाणी शोषून विघटतो. अशी टेप यंत्राच्या हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) जाताना किंचाळते, थांबते आणि तपकिरी लगदा मागे सोडते. तो लगदा म्हणजेच मुद्रण. किंचाळी ऐकू येताच यंत्र थांबवावे, “अजून एक मिनिट” करू नये.

यावर उपाय भाजण्याचा. पाव इंची टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसला ८ तास, दोन इंची त्याहून बरीच जास्त वेळ ठेवतात. मध्येच एकदा उलटी करतात आणि नंतर तितकाच वेळ निवू देतात. प्रयोगशाळेची ओव्हन किंवा तापमान स्थिर ठेवणारे फळे सुकवण्याचे यंत्र चालते. स्वयंपाकघरातली ओव्हन चालत नाही, कारण तिचे तापमान वरखाली होत राहते; मायक्रोवेव्हचा तर प्रश्नच नाही. भाजलेली टेप काही आठवडे नीट वाजते, मग पुन्हा चिकट होते. म्हणून वाजवायच्या तेवढ्याच भाजायच्या. ॲसिटेट टेप कधीही भाजू नये, ती ठिसूळ होऊन कामातून जाते. ओळखायची सोपी रीत म्हणजे गुंडाळी उजेडासमोर धरायची: ॲसिटेटमधून उजेड पाझरतो, पॉलिएस्टरमधून नाही.

नाटकांच्या स्पूलचे दुखणे वेगळेच. त्यांत प्रत्येक प्रसंगाच्या संगीताचा तुकडा आणि मधे रंगीत लीडर (कोरी पट्टी) असे जोडत नेलेले असते. जोडाची चिकटपट्टी वाळली की फिरवताच तुकडे सुटतात आणि मग चौथ्या प्रवेशाचे संगीत कोणते हे संहिता हातात घेतल्याशिवाय कळत नाही. असे स्पूल जलद गतीने कधीच उलटवायचे नाहीत. हाताने हळू फिरवत प्रत्येक जोड नव्याने करायचा.

वाजवणे आणि उतरवणे

वर्षानुवर्षे बंद असलेले टेप मशीन थेट विजेला जोडू नये. आतले कपॅसिटर फुटतात. व्हेरिॲकने (विजेचा दाब कमीजास्त करणाऱ्या उपकरणाने) दाब हळूहळू चढवतात. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचे रबर दमट हवेत मऊ पडले असेल तर ते टेपला चिकटते. नवे बसवायला लागते. हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चुंबकत्व काढतात.

टेपच्या सुरुवातीला १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे सूर असतील तर पातळी आणि हेडचा कोन त्यावर लावतात. सूर नसतील तर दोन्ही चॅनल एकत्र करून झांजेचा किंवा टाळाचा आवाज सर्वांत लख्ख येईपर्यंत कोन फिरवतात. हा कोन प्रत्येक स्पूलला नव्याने लावायचा असतो. पहिल्या स्पूलवर लावून सगळे उरकणे ही नेहमीची चूक, आणि ती नंतर संगणकात दुरुस्त होत नाही. समकरणातली चूक त्या मानाने नंतर सुधारता येते. डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी यंत्रणा) लावून मुद्रित केलेली टेप मात्र डॉल्बीनेच उलगडावी लागते, त्यामुळे डॉल्बीची उपकरणेही यंत्रासोबत शेवटपर्यंत ठेवायच्या.

साडेदहा इंची स्पूलवर २,५०० फूट टेप बसते. १५ इंच वेगाने ती ३३ मिनिटे चालते, ३० इंच वेगाने त्याच्या निम्मी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये उतरवली तर दोन चॅनलचा तास सुमारे २ गिगाबाइट होतो आणि २४ ट्रॅकचा सुमारे २५. जागा हा आता अडथळा नाही, वेळ आहे. कोन, पातळी, साफसफाई धरून एका स्पूलला दीड तास पकडावा. दिवसाला पाच स्पूल म्हणजे चांगला वेग. साठ स्पूलचे कपाट दोन आठवडे घेते, तेही भाजण्याचे काम रात्री चालू ठेवले तर. घरमालकाशी तारीख ठरवताना हा हिशेब आधी करायला हवा.

त्यानंतरच्या काळातली माध्यमे टेपपेक्षा अवघड आहेत. डॅट आणि अडॅट या डिजिटल कॅसेटचे यंत्र बिघडले तर सुटे भाग मिळत नाहीत. संगणकातले जुने सेशन (गाण्याच्या कामाची फाइल) उघडते, पण त्यातले प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्रॅम) नसतात. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य मिनिटापासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवायचा. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. त्यातली एक दुसऱ्या गावात.

टेप कुणाची

कपाटातली टेप स्टुडिओची असते असे सर्रास समजले जाते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. स्टुडिओ भाड्याने देणारा नव्हे. बिल थकले असेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार स्टुडिओ त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत टेप अडवून ठेवू शकतो. अडवणे म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे. प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाचा हक्क पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६५ साली प्रसिद्ध झालेले मुद्रण १ जानेवारी २०२६ ला मोकळे झाले. निर्मात्याला लेखी कळवून, पोच घेऊन टेप परत करणे हा सरळ मार्ग. धनी सापडत नसेल तर संग्रहालय गाठावे. चित्रपटाशी संबंधित सामग्रीसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. लोकसंगीतासाठी १९८२ साली स्थापन झालेले, गुरुग्रामचे लोकसंगीतशास्त्र अभिलेख व संशोधन केंद्र आहे. लग्नात म्हटल्या जाणाऱ्या धवला गीतांसारखे मुद्रण असेल तर गायिकेचे नाव आणि गाव ही माहिती टेपइतकीच मोलाची; ती जोडल्याशिवाय टेप देऊ नये.

खोली आणि उरलेले सामान

यंत्रे हलवण्यापूर्वी, पडदे आणि गालिचे जागेवर असताना, खोलीचा ध्वनिठसा, म्हणजे तिथे आवाज कसा घुमतो याची नोंद, घेतात. गायक उभा राहायचा तिथे स्पीकर, मायक्रोफोन असायचा तिथे मायक्रोफोन, आणि २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा १५–२० सेकंदांचा सूर. छोट्या गायक-केबिनच्या बाबतीत मात्र या ठशाचा फार गाजावाजा होतो; ती खोली मुळात घुमू नये म्हणूनच बांधलेली असते, ठशात फारसे काही सापडत नाही. मोठे दालन असेल तरच तो घेण्यात अर्थ आहे.

कन्सोल (आवाज मिसळण्याचे मोठे टेबल) दारातून बाहेर येत नाही, कारण बरेचदा तो आत ठेवूनच शेवटची भिंत उभारलेली असते. आधी चॅनलचे मॉड्यूल काढून क्रमाने गुंडाळायचे, मग चौकट. पॅच बेच्या (यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या फळीच्या) तारा कापण्याआधी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची. भंगारवाला तारेला तांब्याच्या वजनाचा भाव देतो. चिठ्ठ्या लावलेले तेच मल्टिकोर (अनेक तारांची एकत्र केबल) दुसरा स्टुडिओ तारेच्या भावाने घेतो. भिंतीतले काचलोकर काढताना ते आधी पाण्याने भिजवून, मास्क घालून, पिशवीत बांधायचे. जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावू नये. कंट्रोल रूमच्या दोन्ही काचा तिरक्या आणि जाड असतात. त्या सक्शनने दोघांनी मिळूनच उतरवायच्या.

कागदपत्रांत महावितरणचा मीटर कायमचा बंद करून अनामत परत मागणे, सोसायटीचा ना-हरकत दाखला आणि जीएसटी नोंदणी रद्द करणे एवढे असते. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. मीटर बंद करण्याचा अर्ज शेवटचा स्पूल उतरवून, ऐकून, तपासून झाल्यावरच द्यावा.