लेसर जी त्वचा सोडून देतो

लग्नसराई तोंडावर आली की ‘एकाच सिटिंगमध्ये पिंपल्सचे खड्डे गायब’ अशा जाहिराती सुरू होतात. त्या वाचून अनेकांना वाटतं, लेसर म्हणजे पॉलिश पेपर. वरचा थर घासला की खालून गुळगुळीत चेहरा निघणार. पण खड्ड्याचं मूळ खोल असतं. मुरुमाच्या दाहात डर्मिसमधलं, म्हणजे त्वचेच्या खालच्या थरातलं, कोलॅजन हे आधार देणारं प्रथिन नष्ट होतं आणि वरची त्वचा आत खचते. कोलॅजन तिथेच नव्यानं बनायला हवं.

त्यासाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत तयार केला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपी या सरकारी कॉलेजातून! या लेसरची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर. पाणी ती चटकन शोषून घेतं, आणि पेशींमध्ये पाणीच जास्त. त्यामुळे किरण पडताच पाण्याची वाफ होते आणि पेशी उडून जातात. किरणाचा स्पंद (एक झोत) मिलिसेकंदापेक्षा छोटा असेल तर आजूबाजूची त्वचा फारशी भाजत नाही.

पूर्वी अख्खा चेहरा असा सोलून काढत. 2004 मध्ये हार्वर्डच्या डीटर मॅनस्टीन, रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी ‘फ्रॅक्शनल’ पद्धत मांडली. आधी दुसऱ्या लेसरवर, पुढे या लेसरवरही ती आली. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी कल्पना हीच. किरण विभागून त्वचेत सूक्ष्म छिद्रं पाडायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. छिद्राच्या काठावरच्या निरोगी केराटिनोसाइट (वरच्या थराच्या) पेशी आत सरकतात आणि एक-दोन दिवसांत तोंड बुजवतात. खाली उष्णतेनं कोलॅजनच्या तिहेरी दोरीचा पीळ सुटतो, तंतू आखडतात. दाहाचे रासायनिक संदेश कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना जागं करतात. त्या आधी टाइप 3 हे कच्चं कोलॅजन विणतात, मग त्याची जागा बळकट टाइप 1 घेतं. हे काम कित्येक महिने चालतं. म्हणूनच सहसा अनेक सिटिंग्ज लागतात, आणि तरीही खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत.

कोलॅजनचं क्रीम चोपडून हे होत नाही. त्याचा रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक); 500 डाल्टनच्या वरचे रेणू अखंड त्वचेतून सहजी आत शिरत नाहीत. लिंबू आणि खाण्याचा सोडा हे घरगुती उपाय तर त्वचा भाजू शकतात.

आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात. दाह झाला की त्या काळे डाग पाडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. म्हणून अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ आपल्याकडे छिद्रं विरळ ठेवतात, आणि आधी-नंतर सनस्क्रीन लावायला बजावतात.