वेळापत्रकातली सवड: हिशोबापासून हक्कापर्यंत

एखादं काम किती दिवसांपर्यंत लांबलं तरी प्रकल्पाची अखेरची तारीख हलत नाही, हे सांगणारा ‘फ्लोट’चा, म्हणजे सवडीचा, आकडा आज सॉफ्टवेअरच्या एका रकान्यात आयता मिळतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी तो काढायची रूढ पद्धतच नव्हती. हेन्री गँट यांनी रुजवलेल्या पट्ट्यांच्या तक्त्यात कामाची सुरुवात आणि शेवट दिसे, पण एक काम रखडलं तर पुढचं कोणतं अडेल हे कळत नसे. म्हणून उशीर झाला की सरसकट सगळीकडे ओव्हरटाइम लावला जाई.

अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ मध्ये कामांचं परस्परावलंबी जाळं युनिव्हॅक संगणकावर मांडायला घेतलं. ते सवड शोधत नव्हते. कमीत कमी जादा खर्चात प्रकल्प लवकर कसा संपवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. पैसा फक्त ‘क्रिटिकल पाथ’वरच्या, म्हणजे ज्यांना उशीर झाला की अखेरची तारीखच पुढे जाते अशा कामांवर लावायचा, हे उत्तर मिळालं आणि बाकीच्या कामांना किती ढील आहे हेही त्याच गणितातून बाहेर पडलं. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही वेळापत्रक आखण्याची पद्धत उभारली, तीही याच विचाराची. पुढे १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन फोंडाल यांनी संगणकाशिवाय, कागदावर करता येईल अशी रीत दिली. माझ्या मते बांधकाम व्यवसायासाठी हे पाऊल फार मोलाचं होतं.

हिशोब सोपा आहे. खिडक्यांच्या चौकटी दहाव्या दिवशी बसवायला घेता येतात आणि अठराव्या दिवशी घेतल्या तरी इमारत वेळेत होते, तर सवड ८ दिवसांची. मात्र ती एकट्या चौकटींची नसते. त्याच साखळीत पुढे काचा आणि रंगकाम असेल, तर चौकटवाल्याने ६ दिवस वापरल्यावर बाकीच्या सगळ्यांना मिळून दोनच उरतात.

खरं भांडण इथूनच सुरू झालं. मालकाने नकाशे उशिरा दिले आणि त्यात सवड संपली, तर कंत्राटदाराला मुदतवाढ मिळावी का? आपली सवड वाचवायला कंत्राटदार कामांचे दिवस फुगवून दाखवू लागले, गरज नसलेली कामं एकमेकांना बांधू लागले. व्यवस्थापन विचारवंत एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये या फुगवट्यावर बोट ठेवलं. प्रत्येक कामात दडवलेले दिवस काढून घ्यावेत आणि प्रकल्पाच्या शेवटी सामाईक राखीव वेळ ठेवावा, असं त्यांनी सुचवलं. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉने २००२ च्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मार्गदर्शक दस्तऐवजात, कायद्याच्या अंगाने भूमिका घेतली: करारात वेगळं लिहिलं नसेल, तर साखळीत सवड शिल्लक असेपर्यंत मालकाच्या उशिरासाठी मुदतवाढ नाही. म्हणजे जो आधी वापरेल त्याची सवड. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतही हीच भूमिका कायम आहे, त्यामुळे सवड कोणाची हे करारावर सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावं लागतं.