वास्तुकला-नियतकालिकांतील लेखशोध

ग्रंथालयीन डेटाबेसच्या साहाय्याने वास्तुकलेच्या नियतकालिकांतील विशिष्ट लेख शोधण्याची पद्धती. ग्रंथालयाच्या सर्वसाधारण तालिकेत (कॅटलॉगमध्ये) नियतकालिकाची नोंद असते, त्यातील सुट्या लेखांची बहुधा नसते. म्हणून स्वतंत्र लेखसूची लागते.

अशा सूचींचा आरंभ कोणता, हे व्याख्येवर ठरते. एच. डब्ल्यू. विल्सन कंपनीची ‘आर्ट इंडेक्स’ ही सूची १९२९ च्या सुमारास निघाली; पण तीत वास्तुकला हा कलाक्षेत्राचा एक भाग होता. शिकागोतील बर्नहॅम ग्रंथालयाची सूचीही जुनी. मात्र ती दीर्घकाळ कार्डांवरच राहिली. केवळ वास्तुकला व तिच्या लगतच्या विषयांना वाहिलेली आणि पुढे डेटाबेसरूपात टिकलेली सूची हा निकष लावल्यास कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयातील (स्थापना १८९०) सूचीला अग्रमान द्यावा लागतो. टॅल्बट हॅम्लिन यांच्या ग्रंथपालपदाच्या काळात, १९३४ मध्ये, ती सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. जुन्या अंकांची सूची मागाहून केल्यामुळे तीत त्यापूर्वीचेही लेख आढळतात. तेव्हा १९३४ ही व्याप्तीची मर्यादा समजू नये. सूची १९६३ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. १९८३ पासून ती गेटी या अमेरिकेतील कलाविषयक संस्थेकडे होती; २००९ मध्ये कोलंबियाकडे परतली. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या ग्रंथालयाची लेखसूचीही महत्त्वाची आहे.

वास्तुकलेतील लेखांची शीर्षके पुष्कळदा आलंकारिक असतात. त्यांत इमारतीचे, गावाचे वा वास्तुविशारदाचे नावही नसते. सूचीकार ही माहिती नोंदीत घालतो, तसेच इमारतीचा प्रकार, स्थळ व शतक यांनुसार विषयशीर्षके देतो. त्यासाठी प्रमाणित शब्दसंग्रह, म्हणजे एका कल्पनेसाठी एकच ठरावीक संज्ञा देणाऱ्या याद्या, वापरतात. गेटीचा ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ (१९९०) हा त्यांतील प्रमुख. त्यामुळे नुसत्या शब्दशोधापेक्षा विषयशीर्षकांवरून केलेला शोध येथे अधिक भरवशाचा ठरतो. एखादी उपयुक्त नोंद हाती लागली, की तिचीच शीर्षके घेऊन पुन्हा शोधावे.

लेखकाच्या रकान्यात वास्तुविशारदाचे नाव टाकल्यास त्याने स्वतः लिहिलेले लेख येतात, त्याच्या इमारतींविषयीचे नव्हे. नवख्यांची बरीचशी निराशा येथेच होते. नावांची रूपेही पाहावी लागतात. ‘ल कॉर्ब्युझिए’ हे वास्तुविशारद शार्ल-एदुआर जानरे यांचे धारण केलेले नाव, तर वास्तुविशारद ‘मीस व्हॅन डर रोह’ यांचे आडनाव सूचीत ‘मीस’पासून लावतात. नियतकालिकेही नावे बदलतात : ‘द ब्रिकबिल्डर’चे १९१७ मध्ये ‘आर्किटेक्चरल फोरम’ झाले, ‘पेन्सिल पॉइंट्स’चे १९४० च्या दशकात ‘प्रोग्रेसिव्ह आर्किटेक्चर’. जुना संदर्भ घेऊन अंक मागताना हे ठाऊक असावे लागते.

लेखसूचीच्या नोंदीत पूर्ण लेख असतोच असे नाही. छायाचित्रे, नकाशे, छेदचित्रे (इमारतीचा उभा छेद दाखवणारी आरेखने) यांचा उल्लेख मात्र अनेक नोंदींत असतो. आरेखने हवी असणाऱ्यास त्यावरून अंक मागवायचा की नाही, हे आधीच ठरवता येते.